पट्टीचा प्रोग्रॅम व्हीबी ६ मधे अडकलाय, आता काय?

या वेळचं पत्र देवगडहून आलंय, थोडं कापून देते. (व्हीबी ६ म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम लिहायची जुनी भाषा; पट्टी म्हणजे विक्रीचा हिशोबाचा कागद.)

«ताई, वय ५१, कॉम्प्युटरचं दुकान आहे, झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म सगळं चालतं. २००२ साली एका आंबा बागायतदाराला व्हीबी ६ मधे पेट्यांचा हिशोब लिहून दिला, मागे अ‍ॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची) फाइल. वाशीला किती पेट्या गेल्या, दलालाची पट्टी काय आली, हमाली भाडं कमिशन वजा जाता हातात किती, उचल किती कापायची. एकाचे अकरा झाले. आज अकरा जण तोच प्रोग्रॅम वापरतात, वर्षाला थोडे पैसे देतात. आता विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून सगळे नवीन लॅपटॉप घेतायत आणि मला फोन, 'आपलो प्रोग्रॅम त्यात चलात मां?' भाचा पुण्याला आयटीत आहे, तो म्हणतो मामा फेकून द्या ते, पायथनमधे नव्याने लिहा. कणकवलीचा मित्र म्हणतो व्हीबी डॉट नेट घे, ती व्हीबीच आहे, आठ दिवसांत होईल. बायको म्हणते या वयात काय शिकत बसताय. माका काय समजना नाय. शिकू, की दुकानापुरतं बघू?»

दादा, पहिलं म्हणजे त्या अकरा जणांना आजच सांगून टाका, चलात. व्हीबी ६ आली १९९८ साली, तिच्यात प्रोग्रॅम लिहायचं जे सॉफ्टवेअर त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मधे बंद केला, पण तयार झालेला प्रोग्रॅम चालवायला जी रनटाइम लागते ती अजून विंडोज ११ बरोबर येते. तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटची, तरी ती ३२ बिटचं चालवून घेते. अडतं ते ग्रिडच्या आणि कॅलेंडरच्या ओसीएक्स फाइल्सपाशी (प्रोग्रॅमला लागणारे तयार भाग), त्या विंडोजबरोबर येत नाहीत, त्या कॉपी करून अ‍ॅडमिन म्हणून रजिस्टर कराव्या लागतात आणि ते तर तुम्ही एक्सपीच्या काळापासून करत आलायत. तेव्हा येता हंगाम जुन्यावर निघेल. घाई नाही.

घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. ज्या मशीनवर तुम्ही बदल करता, ते कुठलं आहे? माझा अंदाज, दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुना डबा असणार, एक्सपीवाला, वर कापड टाकलेला, आणि व्हीबी ६ आणि सोर्स कोड, म्हणजे तुम्ही लिहिलेला मूळ मजकूर, फक्त त्यातच. चुकले असेन तर आनंद आहे. पण मी चिपळूणची, २२ जुलै २०२१ ला माझा असाच डबा टेबलावर होता आणि पाणी टेबलाच्या वर गेलं. गिऱ्हाइकांकडे प्रोग्रॅम चालू होते, कोणाचं काही अडलं नाही, पण तीन प्रोग्रॅमचा सोर्स माझ्याकडे राहिला नाही. चालू असलेल्या ईएक्सईमधून (तयार प्रोग्रॅमच्या फाइलमधून) व्हीबी ६ चा कोड नीट परत काढता येत नाही, जे काय निघतं ते वाचून आपलंच आपल्याला ओळखू येत नाही. म्हणजे रोज वापरात असलेला प्रोग्रॅम आणि त्यातला एक टक्काही बदलता येत नाही अशी गंमत.

तर आजच्या आज सगळ्या फाइल्स काढा. व्हीबीपी, एफआरएम, बास, सीएलएस, आणि एफआरएक्स विसरू नका, लोक हमखास तीच विसरतात, तिच्यात चित्रं असतात आणि कॉम्बो बॉक्समधे आधीच भरून ठेवलेल्या याद्याही असतात. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक भाच्याकडे पुण्याला, एक गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) प्रायव्हेट करून, भाचा ते दहा मिनिटांत लावून देईल आणि त्यालाही मामाचं काम केल्याचं समाधान. ज्या ओसीएक्स वापरल्यात त्या आणि व्हीबी ६ ची सीडीही कॉपी करा. जमलं तर त्या एक्सपी मशीनचीच व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) करून ठेवा, व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. हे झाल्याशिवाय कुठल्याही नव्या भाषेचं नाव काढायचं नाही.

आता भाषा. तुमच्या कणकवलीच्या मित्राचा सल्ला ऐकायला सगळ्यात गोड आहे आणि मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. व्हीबी डॉट नेट आली २००२ मधे, म्हणजे तुम्ही पहिली पट्टी छापत होता तेव्हाच. नाव व्हीबी, दिसायला व्हीबी, इफ, देन, एंड इफ सगळं जागच्या जागी. आणि आतून वेगळी. तेव्हा व्हीबीवाले इतके चिडले होते की हिला व्हीबी म्हणूच नका म्हणून टिंगलीने व्हिज्युअल फ्रेड म्हणायचे, २००५ ला जुनी व्हीबी चालू ठेवा म्हणून मायक्रोसॉफ्टकडे सह्यांचा अर्जही गेला होता. काही झालं नाही त्याचं.

आपल्याकडे शिक्षा म्हटलं की वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहणं, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शब्द तोच, लिपी तीच, म्हणून आपण थांबून विचार करत नाही आणि तिथेच फसतो. तमिळ ऐकून कोणी असा फसत नाही कारण काहीच कळत नाही, विचारावं लागतं. व्हीबी डॉट नेटचं त्या शिक्षा शब्दासारखं आहे. जुन्या व्हीबीत इंटिजर (पूर्णांक) म्हणजे १६ बिट, नव्यात ३२ बिट. जुन्यात लाँग ३२, नव्यात ६४. जुन्यात एका ओळीत दोन व्हेरिएबल लिहून शेवटी अ‍ॅज इंटिजर म्हटलं की फक्त शेवटचं इंटिजर व्हायचं आणि पहिलं गुपचूप व्हेरिअंट (काहीही मावणारा प्रकार) राहायचं, नव्यात दोन्ही इंटिजर. पैशाचा करन्सी प्रकार गेला, तिथे डेसिमल आलं. यातलं बरंचसं बिनबोभाट कंपाइल होतं, लाल रेघ येत नाही, हीच खरी पंचाईत.

माझं स्वतःचं सांगते, कोणाचं नाव घ्यायला नको. हर्णैच्या बाजूला एक मासळी व्यापारी, त्यांचा हिशोब माझ्या व्हीबी ६ मधे. २००९ ला मी तो व्हीबी डॉट नेटमधे नेला, आठ दिवसांतच, तुमच्या मित्राने सांगितलं तेवढ्याच. त्यात एक छोटं फंक्शन होतं, रक्कम आत घ्यायची, त्यातून बर्फाचे आणि हमालीचे पैसे वजा करायचे, बास. जुन्या व्हीबीत तुम्ही काही सांगितलं नाहीत तर आत दिलेली गोष्ट बायरेफ जाते, म्हणजे फंक्शनने तिला हात लावला की मूळची रक्कमच बदलते. नव्या व्हीबीत काही सांगितलं नाही तर बायव्हॅल, म्हणजे आत जाते ती झेरॉक्स, तिच्यावर कितीही खाडाखोड करा, मूळ कागद कोरा. मी फंक्शन कॉपी पेस्ट केलं, एडिटरने आपणहून बायव्हॅल शब्द घातला, मला वाटलं काहीतरी नवीन पद्धत असेल. अकरा दिवस बर्फ आणि हमाली कोणाचीच कापली गेली नाही. आणि गंमत बघा, ज्यांना जास्त पैसे गेले त्या बोटवाल्यांपैकी एकाचाही फोन आला नाही. बाराव्या दिवशी बर्फवाला बिल घेऊन आला तेव्हा कळलं. त्या व्यापाऱ्यांनी मला चहा दिला, काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून मी सी शार्प सांगते, मायक्रोसॉफ्टचीच दुसरी भाषा. ती उघड उघड परकी दिसते, ओळीच्या शेवटी अर्धविराम, महिरपी कंस, टोटलमधला टी मोठा की लहान याने फरक पडतो, सुरुवातीचे आठ दिवस चिडचिड होईल. पण परकी दिसते म्हणून हात सावध राहतो, कॉपी पेस्ट करताच येत नाही, प्रत्येक ओळ वाचून लिहावी लागते आणि वाचताना चुका सापडतात. दुसरं म्हणजे मार्च २०२० मधे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय की व्हीबी डॉट नेट चालू राहील पण भाषा म्हणून तिच्यात आता नवं काही यायचं नाही. जुनं घर गळतं म्हणून सोडायचं आणि ज्याची कौलं यापुढे कोणी शाकारणार नाही अशाच घरात जायचं, कशाला? सी शार्प ज्याने आखली त्या अँडर्स हाइल्सबर्गनेच आधी टर्बो पास्कल आणि मग डेल्फी केली होती, तेव्हा आपल्या पिढीच्या माणसाला ती फार परकी वाटत नाही, असं आपलं माझं मत.

आणि तुम्हाला जे सगळ्यात प्रिय आहे ते तसंच आहे. विनफॉर्म्स. फॉर्म उघडा, बटण ओढून टाका, डबल क्लिक करा, बटणाच्या क्लिकचा कोड समोर. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती तुमच्यासारख्याला फुकट आहे. पहिल्या संध्याकाळी पेटी नंबर, डझन आणि भाव टाकून रक्कम काढणारा एक फॉर्म कराल आणि म्हणाल अरेच्चा.

भाच्याचं पायथन वाईट नाही, उलट भाषा सुंदर आहे, पण तुमचं गिऱ्हाईक विंडोजवर बसून, की दाबून एंटर एंटर करत पेट्या टाकणार आणि डॉट मॅट्रिक्सवर पट्टी काढणार, त्याला सी शार्पचे तयार फॉर्म सोयीचे. आणि भाच्याला एकदा सहज विचारा, पायथन २ वरून ३ वर जाताना काय झालं होतं. पायथन ३ आली डिसेंबर २००८ ला, पायथन २ शेवटी बंद झाली १ जानेवारी २०२० ला, जगभरच्या हुशार हुशार लोकांना अकरा वर्षं लागली. का, तर सात भागिले दोन हे जुन्यात तीन यायचं आणि नव्यात साडेतीन, असल्या गोष्टी. फेकून द्या आणि नव्याने लिहा हे म्हणायला सोपं असतं, ज्याचा हिशोब आहे त्याला विचारा.

तो भागाकार तुम्हालाही चावणार आहे, उलट्या बाजूने. व्हीबी ६ मधे साधी तिरकी रेघ टाकली की उत्तर नेहमी दशांशात, ४२ फळं भागिले १२ म्हणजे साडेतीन डझन. सी शार्पमधे दोन्हीकडे पूर्णांक असले की उत्तर पूर्णांकच, ४२ भागिले १२ बरोबर ३. अर्धा डझन वाटेत कोणी खाल्ला विचाराल तर कोणी नाही, भाषेने खाल्ला. पेटी पाच डझनी असेल, साठ फळं, तर कधी कळणारच नाही, सहा डझनी चार डझनी सगळं बरोबर येईल, आणि मग एक दिवस कोणीतरी सुटी फळं टाकेल आणि हिशोब घसरेल. तेव्हा जिथे जिथे भागाकार आहे तिथे लाल पेनाने खूण, आणि पैशाला डबल (अंदाजे दशांशाचा प्रकार) वापरायचं नाही, डेसिमल.

गोल करण्याचंही तसंच, हे बऱ्याच जुन्या व्हीबीवाल्यांना माहीतच नसतं. व्हीबी ६ चं राउंड फंक्शन बरोबर अर्ध्यावर आलं की सम आकड्याकडे जातं. ४,३१२.५० चं राउंड केलं की ४,३१२, पण तीच रक्कम फॉरमॅटमधून छापली की ४,३१३. तुमच्या प्रोग्रॅममधे, पैज लावते, काही ठिकाणी राउंड आहे आणि काही ठिकाणी फॉरमॅट, आणि वर्षानुवर्षं एखादा बागायतदार म्हणत असेल की बेरजेत रुपयाचा फरक येतो बुवा, आणि तुम्ही म्हणत असाल रुपयाचं काय घेऊन बसलात. सी शार्पचं साधं राउंड पण समाकडेच जातं, वर न्यायचं असेल तर वेगळं सांगावं लागतं. कुठे काय हवंय ते आता ठरवा, एकदाच, आणि लिहून ठेवा.

लिहून ठेवा म्हणते ते खरंच कागदावर, मराठीत. जुना कोड उघडायचा आणि प्रत्येक फंक्शनशेजारी लिहायचं की हे काय करतंय आणि का. त्या मासळीच्या प्रोग्रॅममधे मला माझीच एक ओळ सापडली होती, कोड १७ असेल तर बर्फाचे पैसे निम्मे. का? काही टीप नाही, मला आठवेना. व्यापाऱ्यांच्या जुन्या दिवाणजींना घरी जाऊन विचारलं तेव्हा ते हसायला लागले, १७ नंबरच्या बोटवाल्याची बर्फ फॅक्टरीत भागी होती म्हणून. भागी विकून सात वर्षं झाली होती, बर्फ मात्र निम्म्या दराने चालूच! तुमच्या त्या २३-२४ वर्षांच्या कोडमधे असे पाच-दहा १७ नंबर नक्की आहेत, कुठला दलाल कमिशन कमी घेतो, कुठल्या गावाहून टेम्पोचं भाडं वेगळं, कॅनिंगला जाणारा आंबा डझनावर नाही किलोवर. जुना प्रोग्रॅम फेकला की हे पण फेकलं जातं आणि भाच्याला ते पुण्यात बसून कुठून कळणार. तुम्ही २००२ पासून व्हीबी सांभाळत नाही आहात, हे नियम सांभाळताय, आणि ते सी शार्पमधे नेता येतात, मराठी कागदावरून तर आणखी सोपं.

डेटाकडे येते, तिथे दोन भुतं आहेत.

पहिलं तारखेचं. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत हॅशच्या मधे तारीख लिहिली की ती अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, महिना आधी. तुम्ही ५/४ लिहिलंत, तुमच्या मनात ५ एप्रिल, त्याने घेतलं ४ मे. पण १३/४ लिहिलंत तर तेरावा महिना नसतो म्हणून तो निमूट १३ एप्रिल घेतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस उलटे आणि पुढचे सुलटे, आणि आपला धंदाच एप्रिल मेचा, काही उलट्या तारखा हंगामातच पडतात, त्या डोळ्याला खुपत नाहीत. जुन्या डेटात अशा तारखा आहेत का बघायचं असेल तर पेटी नंबरच्या क्रमाने यादी लावा, तारीख मधेच काही महिने पुढे किंवा मागे उडी मारून परत आली की समजा सापडलं. आधी ते दुरुस्त करा, मगच नवीन डेटाबेसमधे न्या. नव्यात क्वेरीला तारीख नेहमी पॅरामीटर म्हणून द्यायची, मजकुरात चिकटवायची नाही.

दुसरं भूत फॉन्टचं. व्हीबी ६ च्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड मराठी दाखवता येत नाही, प्रश्नचिन्हं येतात, म्हणून तेव्हा आपण सगळ्यांनी शिवाजी किंवा श्री-लिपीसारखे फॉन्ट वापरले. त्यात अक्षरं म्हणजे इंग्रजीच कोड, वर मराठी मुखवटा. तुमच्या खातेदारांच्या यादीत विठोबा, शिवराम, दिगंबर हे एकापाठोपाठ येतात का बघा. येत असतील, कारण त्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कॉम्प्युटरच्या लेखी त्या तिघांचं नाव वेलांटीपासूनच सुरू होतं. युनिकोडमधे वेलांटी अक्षराच्या नंतर आणि रफार अक्षराच्या आधी, म्हणजे नुसतं एकाला एक अक्षर बदलून भागत नाही, क्रम पण फिरवावा लागतो. कन्व्हर्टर मिळतात, पण एखादा वापरण्याआधी त्याला शिर्सेकर हे नाव द्या, त्यात वेलांटी आहे, रफार आहे आणि त्याच अक्षरावर मात्रा पण आहे. शिर्सेकर नीट बाहेर आला तर कन्व्हर्टर बरा. तरीसुद्धा सगळी नावं एकदा डोळ्याखालून घाला. माणसाला हिशोबातला रुपया चुकलेला चालतो, नाव चुकलेलं चालत नाही.

नवीन डेटा मी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमधे ठेवेन, एकच फाइल, अ‍ॅक्सेससारखी कॉपी करता येते, फक्त तिच्यात पैशासाठी वेगळा प्रकार नाही, तेव्हा रक्कम पैशांमधे पूर्णांक म्हणून ठेवा, ४,३१२.५० म्हणजे ४३१२५०. आणि जुनी एमडीबी, म्हणजे ती अ‍ॅक्सेसची फाइल, वाचायला सी शार्पमधे जो छोटा प्रोग्रॅम लिहाल तो मुद्दाम ३२ बिटचा करा, कारण जुन्या जेटचा (त्या फाइलमागच्या इंजिनाचा) ड्रायव्हर ६४ बिटमधे नाहीच, प्रोव्हायडर रजिस्टर नाही असं काहीतरी येत राहतं आणि माणूस दोन दिवस विंडोज परत टाकत बसतो. मी बसले होते.

वेळापत्रक तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं वर्ष आंबाच ठरवतो. आता हंगामाआधी फक्त कॉप्या आणि कागद. मेअखेर शेवटची पेटी गेली, आगोटीची गडबड संपली की जूनमधे बसा, लाइट जाते तेव्हा कागदावरचं काम, असते तेव्हा कोड. सकाळी दुकान उघडायच्या आधी एक तास पुरे. इंटरनेटवरचं सगळं शिकत बसू नका, असिंक म्हणजे काय, डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणजे काय, काही अडत नाही, तुम्हाला फॉर्म, ग्रिड, डेटाबेस आणि प्रिंट एवढंच हवंय. गणपतीत सुट्टी घ्या, भाचा येईलच, त्याला बसवून कोड दाखवा, तो नावं ठेवेल, त्यातली निम्मी ऐका.

मोहोर यायच्या सुमाराला महत्त्वाची गोष्ट करायची. सगळ्यात किचकट हिशोबवाल्या एका बागायतदाराचा गेला अख्खा हंगाम घ्या, पहिल्या पेटीपासून शेवटपर्यंत, आणि नव्या प्रोग्रॅममधून सगळ्या पट्ट्या परत काढा. जुनी पट्टी शेजारी. पैशापैशापर्यंत जुळली पाहिजे, आणि जिथे जुळत नाही तिथे लगेच नव्याला दोष देऊ नका. तुमच्या जुन्या कोडमधे ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट किती ठिकाणी आहे? चूक झाली तरी पुढे चला. ती ओळ म्हणजे घरातला तो नातेवाईक जो सगळ्यांना सांगतो काही झालेलं नाही. नव्यात ती काढलीत की एरर येतील, आणि गिऱ्हाईक म्हणेल जुना बरा होता, त्यात एरर येत नव्हते. येत होते, तोंड बंद होतं. तेव्हा जुळलं नाही की दोघांपैकी कोण खरं ते कॅल्क्युलेटरवर काढायचं, कधी जुना चुकलेला निघेल आणि ते त्या बागायतदाराला सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न, मी सांगते, चहा घेऊन जाते आणि सांगते.

हे जुळलं की त्यापुढच्या हंगामात एकालाच नवीन द्या, बाकी दहा जुन्यावर. आणि तो एक निवडताना सगळ्यात चांगला माणूस निवडू नका, सगळ्यात कटकट्या निवडा, बाकीचे दहा शांतपणे पार पडतील.

मोबाइलवर पट्टी बघायची असं कोणाच्या तरी मुलाने विचारलंच असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला माहीत आहे. त्यासाठी अ‍ॅप नको. नव्या प्रोग्रॅममधून पट्टीची पीडीएफ काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्याचं समाधान होईल. अ‍ॅपबिप पुढे बघू.

वहिनींना सांगा, शिकायला वय लागत नाही वगैरे मी म्हणणार नाही, लागतं, डोळे दुखतात, फॉन्ट मोठा करावा लागतो. पण दुकानापुरतं बघायचं म्हणता तर रिचार्ज आता प्रत्येक जण आपल्या फोनवरून करतो, झेरॉक्सचं भांडण दोन रुपयांवर. आणि अकरा बागायतदारांचा हिशोब ज्याला आतून माहीत आहे असा माणूस देवगडात दुसरा कोण आहे ते मला सांगा. फक्त हे सगळं फुकटात करू नका. अकरा जणांना बसवून सांगा, पुढच्या वर्षी नवीन प्रोग्रॅम, त्याचे एवढे, आणि वर्षाचे एवढे. नवीन लॅपटॉपला पैसे देतात, तुम्हालाही देतील, पहिले दोन कुरकुरतील तेवढंच.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं, राहिलं. जुन्या कोडमधे पेटी नंबर इंटिजर आहे का लाँग? व्हीबी ६ चा इंटिजर ३२,७६७ पर्यंतच जातो, पुढची पेटी टाकली की रनटाइम एरर ६, ओव्हरफ्लो, आणि ते नेमकं हंगामाच्या ऐन गर्दीत होईल, टेम्पो दारात उभा असताना. नंबर दर वर्षी एकपासून सुरू करत असाल तर चिंता नाही, पण २००२ पासून सलग चालू असेल तर मोठ्या बागायतदाराचा जवळ आला असेल. आज दुकान बंद करायच्या आधी ती ओळ बघा, आणि त्यांचा शेवटचा पेटी नंबर किती झालाय तो मला कळवा.